सिस्टर झालेल्या लेकीला वॉर्ड बदलायचाय

महाड आणि पोलादपूर तालुक्यातल्या बचत गटांच्या सगळ्या ताया, मावश्या, काकू, आज्या, आणि भाकऱ्या थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्याजणी, तुम्हाला आमचा नमस्कार.

मागच्या वेळी आम्ही शिलाई मशीनच्या कर्जावर बोललो होतो. आजचा विषयही कर्जापासूनच सुरू होतो, पण तो पुढं भलतीकडंच जातो. तेव्हा हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका.

जुलै २०२१ आपल्यातलं कुणी विसरलेलं नाही. महाडच्या बाजारपेठेत पाणी भरलं, तळियेवर दरड आली, पोलादपुरात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथं माणसं गाडली गेली. त्यानंतर वाडीवाडीवर आरोग्य पथकं फिरली. चिखलातून चालत येऊन जखमा बांधणाऱ्या, लेप्टोच्या गोळ्या देणाऱ्या, रडणाऱ्या म्हातारीच्या शेजारी नुसत्या बसून राहणाऱ्या सिस्टर आपल्या मुलींनी तेव्हा जवळून पाहिल्या. त्या वर्षी आमच्या ओळखीतल्या तीन मुली नर्सिंगला गेल्या. त्यातल्या एकीची ही गोष्ट. तिचं नाव, वाडीचं नाव, रुग्णालयाचं नाव सांगणार नाही. तिला आणि तिच्या आईला विचारूनच बोलतोय.

बारावीनंतर तिनं जीएनएम केलं, म्हणजे तीन वर्षांचा नर्सिंगचा डिप्लोमा. आई गटाची खजिनदार. गटानं तिला ४० हजार रुपये दिले, शेकडा दोन रुपयांनी. बाकीचे मामानं घातले. शिक्षण झालं, नोंदणी झाली आणि नवी मुंबईतल्या एका खाजगी रुग्णालयात नोकरी लागली. लागली ती थेट अतिदक्षता विभागात, आपण ज्याला आयसीयू म्हणतो तिथं. वाडीत पेढे वाटले. बापानं एसटी स्टँडवर भेटेल त्याला सांगितलं, पोरगी आयसीयूत आहे. ऐकणारा आधी दचकायचा, मग अभिनंदन करायचा.

सात महिने झाले. मागच्या पावसाळ्यात, लावणीच्या धांदलीत, रात्री तिच्या आईचा आम्हाला फोन आला. "ताई, पोरीला आयसीयू नको झालंय. दुसऱ्या वॉर्डात जाते म्हणते, नाहीतर नोकरीच सोडते म्हणते. तुम्ही समजवा तिला."

आणि आम्ही समजावलं. ते कसं, ते आधी सांगतो, कारण चूक आमचीच होती. आम्ही तिला फोनवर म्हटलं, "अगं, सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातं. वर्षभर काढ. घेतलेलं काम मध्येच सोडायचं नसतं." ती "बरं ताई" म्हणाली. आम्हाला वाटलं, काम झालं. कर्जाचा हप्ताही डोक्यात होता, खोटं कशाला बोला. मुद्दलाचे २८ हजार बाकी होते.

पंधरा दिवसांनी ती सुट्टी घेऊन घरी आली. गालफडं बसलेली. तेव्हा तिनं सांगितलं की, एका रात्री सलाइनच्या पंपावर औषधाचा वेग लावताना तिच्याकडून दशांशचिन्ह चुकीच्या जागी पडलं. पंप सुरू करायच्या आधी मोठ्या सिस्टरनं पाहिलं म्हणून निभावलं. त्या रात्री तिच्याकडं व्हेंटिलेटरवरचे तीन रुग्ण होते. असा एक रुग्ण असेल तर त्याच्यासाठी एक परिचारिका असावी, असा निकष आहे. ती म्हणाली, "ताई, तुम्ही वर्षभर काढ म्हणालात, म्हणून मी कुणाला बोलले नाही." यावर आम्हाला काही बोलता आलं नाही.

पुढच्या बैठकीत विषय निघाला. पाऊस कोसळत होता, पत्र्याखाली एकमेकींचं बोलणं ऐकू येत नव्हतं, तरी भांडण झालंच. एक काकू म्हणाल्या, "शिकली कशासाठी मग? आपण पैसे दिले ते काय वॉर्ड फिरायला?" दुसऱ्या मावशी म्हणाल्या, "रोपं राबातून काढून खाचरात लावतोच की आपण. पोरगी जागा बदलते तर काय झालं?" त्यावर काकू लगेच, "लावलेलं रोप पुन्हा उपटून दुसरीकडं लावते का कुणी?" सगळ्या हसल्या. पण मावशींनी सोडलं नाही. "नांगे भरताना लावतोच ना," म्हणाल्या. "दाट झालेल्या जागचं काढतो आणि जिथं मेलंय तिथं लावतो. फक्त वेळेत करावं लागतं." हा विषय आम्ही कितीतरी प्रशिक्षणांत ऐकला असेल, इतका नेमका कुणी बोललेलं आठवत नाही.

मग आम्ही जे आधीच करायला हवं होतं ते केलं. महाडला एक निवृत्त सिस्टर आहेत, पस्तीस वर्षं सरकारी सेवेत होत्या. मुलीला घेऊन त्यांच्याकडं गेलो. त्यांनी पहिला प्रश्न आम्हालाच विचारला, "आयसीयू म्हणजे वरची पायरी आणि बाकीचे वॉर्ड खालची, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं नव्हतं. आपणच धरून चाललो होतो.

त्यांनी मुलीचं नोंदणीचं प्रमाणपत्र मागितलं. आपल्या राज्यात ही नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडं होते आणि दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. सिस्टर म्हणाल्या, "बघा, यात परिचारिका आणि प्रसविका अशी नोंद आहे. आयसीयू कुठं लिहिलंय का? हिला सगळ्या नर्सिंगचा परवाना आहे." खरंच आहे. तीन वर्षांत या मुली मेडिकल वॉर्ड, सर्जरी, ऑपरेशन थिएटर, बाळंतपण, लहान मुलं, मानसिक आजार, गावातलं आरोग्याचं काम, सगळीकडं थोडं थोडं काम करून येतात. मग पहिली नोकरी जिथं जागा रिकामी असेल तिथं लागते. खाजगी रुग्णालयांत ती बऱ्याचदा आयसीयूत रिकामी असते, कारण तिथून माणसं लवकर सोडून जातात. म्हणजे बावीस वर्षांच्या मुलीनं आयसीयू निवडलेलं नसतं. रिकामी खुर्ची होती, तिथं तिला बसवलेलं असतं.

सिस्टर स्वतः पहिली दोन वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या. हात चांगला होता, सर्जन खूश होते. पण त्या म्हणाल्या, "थिएटरमध्ये पेशंट झोपलेला. मला बोलायला माणूस लागतं." त्यांनी बदली मागून घेतली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आल्या. त्या काळी त्यांच्या बरोबरीच्या हसल्या होत्या, थिएटर सोडून खेड्यात कोण जातं म्हणून. आणि खेड्यातल्या केंद्रात तर वॉर्डच नसतो. एकाच रात्री बाळंतपण, तापानं फणफणलेलं पोर, सर्पदंश आणि विंचू. आपल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ साली आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर जो अभ्यास केला तो जगभर वाचला गेला, त्यांना २०२२ मध्ये पद्मश्रीही मिळाली. ते सगळं ज्या कामातून उभं राहिलं ते काम म्हणजे रुग्णाच्या उशाशी बसून नाडी आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा पाहणं. सिस्टर म्हणतात, असं पाहायला शिकलेली नर्स कुठंही गेली तरी ते शिक्षण बरोबर नेते. आयसीयूतले सात महिनेही वाया जाणार नाहीत, हे त्यांनी मुलीला दोनदा सांगितलं. मुलीच्या डोळ्यात तेव्हा पहिल्यांदा पाणी आलं.

पण त्यांनी तिला लगेच "सोड" असंही म्हटलं नाही. हे नीट ऐका. त्यांनी विचारलं, "तुला नक्की काय नको आहे? आयसीयू, रात्रपाळी, तिथली इन्चार्ज, की होस्टेलचं जेवण?" मुलगी गोंधळली. सिस्टरनी तिला एक वही दिली. पंधरा दिवस रोज पाळी संपल्यावर चार ओळी लिहायच्या, आज कशानं दमले आणि आज काय बरं वाटलं. बस.

वहीत जे आलं ते आम्हालाही अनपेक्षित होतं. मशीनची भीती तिला नव्हतीच. मशीन ती पटकन शिकली होती. रात्रपाळीबद्दल दोनच ओळी होत्या. पण पुन्हा पुन्हा एकच गोष्ट लिहिलेली: माणूस ओळखीचा होण्याआधीच जातो. बरा झाला तर दुसऱ्या वॉर्डात जातो, नाही झाला तर तसाच जातो. आणि बरं काय वाटलं, तर एका आजोबांनी शुद्धीवर आल्यावर तिचं गाव विचारलं ते.

दोन गोष्टी इथं सांगायला हव्यात, कारण आमच्या मुलीपुरतं हे नाही. अमेरिकेत मार्लिन क्रेमर नावाच्या बाईंनी १९७४ साली एक पुस्तक लिहिलं, नव्या नर्सेस नोकरी का सोडतात यावर. त्यांचं म्हणणं असं की, शाळेत शिकवलेलं नर्सिंग आणि वॉर्डातलं नर्सिंग यांत एवढं अंतर असतं की पहिल्या महिन्यांत मुलीला धक्काच बसतो. म्हणजे पन्नासेक वर्षांपूर्वी, तिकडच्या मोठ्या रुग्णालयांतही हेच होत होतं. आपली पोर नाजूक आहे म्हणून हे झालेलं नाही.

दुसऱ्या पॅट्रिशिया बेनर. त्यांनी १९८४ साली मांडलं की नर्स नवशिकीपासून तज्ज्ञ होईपर्यंत पायऱ्या चढत जाते, आणि एकाच तऱ्हेच्या कामात दोन-तीन वर्षं गेली की साधारण तिचा हात बसतो. पुढं त्या असंही सांगतात की जिथले रुग्ण तिनं कधी पाहिलेच नाहीत अशा जागी गेली, तर चांगली अनुभवी नर्सही पुन्हा नवशिकीसारखी होऊ शकते. म्हणून वॉर्ड बदलणं फुकट पडत नाही. पुन्हा खालून सुरुवात करावी लागते. ती किंमत माहीत असून बदल केला तर ठीक. दर सहा महिन्यांनी बदल केला तर बाई कायमची पहिल्या पायरीवर राहते.

याचंही उदाहरण आमच्याकडं आहे. दुसऱ्या एका गटातल्या ताईंची मुलगी, हुशार, दीड वर्षात तीन रुग्णालयं बदलली. एकदा इन्चार्ज रागावली म्हणून, एकदा मैत्रीण गेली म्हणून. दोन ठिकाणी नोटीस न देताच निघून आली, त्यामुळं अनुभवाचा दाखला मिळाला नाही. आज चौथ्या ठिकाणी तिला नवी म्हणूनच पगार आहे. तिला आम्ही दोष देत नाही, पण तिच्या वाटेनं जाऊ नका असं सांगणं आमचं काम आहे.

आता सरळ व्यवहाराचं बोलू. नोकरी सोडण्याआधी त्याच रुग्णालयात वॉर्ड बदलून मागायचा. सरकारी रुग्णालयांत ड्युटीच्या यादीप्रमाणं वॉर्ड बदलत राहतातच, तिथं याला कुणी पळपुटेपणा म्हणत नाही. २०२० साली कोविड आला तेव्हा तर कुठल्याही वॉर्डातली नर्स रातोरात कोविड वॉर्डात उभी केली गेली. खाजगीत मेट्रनला लेखी अर्ज द्यावा लागतो. अर्जात तक्रारी लिहायच्या नाहीत. मला अमुक विभागात काम शिकायचं आहे, एवढंच. अर्जाची प्रत आपल्याजवळ. नोकरीवर घेताना कसला करार केला असेल तर तो आधी वाचायचा, किती महिन्यांची नोटीस आहे, मध्येच सोडलं तर पैसे भरायचे आहेत का. आणि मुलींनो, मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायची. सोडलंच तर अनुभवाचा दाखला हातात आल्याशिवाय पनवेलची गाडी पकडायची नाही.

पुढं कुणाला एकाच विषयात पक्कं व्हायचं असेल तर एक वर्षाचे डिप्लोमे आहेत: कर्करोग, नवजात बाळं, ऑपरेशन थिएटर, मानसिक आरोग्य, असे बरेच. त्यांना साधारण आधी वर्षभराचा अनुभव मागतात. म्हणून पहिलं वर्ष पुरं करण्याला किंमत आहे. जीएनएम झालेल्या मुलीला दोन वर्षांत पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. पण हे सगळं वहीनंतर. आधी नाही.

एक मात्र आहे. मुलगी जेवत नसेल, झोपत नसेल, जगणं नको असं काही बोलत असेल, तर वर्ष पुरं करण्याचं गणित बाजूला ठेवा. तिला घरी आणा, डॉक्टरला दाखवा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, कुठल्याही वेळी लागतो, मराठीत बोलता येतं. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आमच्या मुलीनं अर्ज दिला. मेट्रन बाईंनी दोन महिने थांबायला सांगितलं आणि शब्द पाळला. ती आता डायलिसिसला आहे. तिथं तेच रुग्ण आठवड्यातून दोनदा-तीनदा येतात, चार-चार तास बसतात, वर्षानुवर्षं येतात. मशीनही आहे आणि माणूसही ओळखीचा होतो. आम्हाला वाटलं, सुटली एकदाची. तर पहिल्या महिन्यात पुन्हा रडून फोन! हातावरच्या फिस्टुलात सुई घालायला जमेना, आधी बोट ठेवून धडधड लागते का ते कळेना, मध्येच एका काकांचा रक्तदाब खाली आला तर हिचे पाय लटपटले. या वेळी आम्ही "वर्षभर काढ" म्हटलं नाही. विचारलं, "मोठ्या सिस्टरला सांगितलंस का?" म्हणाली, "हो, लगेच सांगितलं." मग आम्ही झोपलो.

रात्रपाळीचा भत्ता गेला, त्यामुळं हप्ता ओढाताणीचा झाला. गटानं ठराव करून तीन महिने फक्त व्याज घेतलं, नंतर दोन हजारांऐवजी हजाराचा हप्ता केला. विरोध कुणाचा होता तर त्याच काकूंचा. आणि ठरावावर पहिली सही कुणी केली तर तीही त्यांनीच. असं का, हे आम्ही विचारलं नाही. शिक्षणाच्या कर्जाला पहिल्या नोकरीच्या वर्षात अशी सवलत असावी असं आम्हाला वाटतं, पण सगळ्या गटांना ते झेपेलच असं नाही. तुमच्या ग्रामसंघात बोलून बघा.

बापाचं अजून पुरतं मिटलेलं नाही. स्टँडवर कुणी विचारलं तर तो अजून आयसीयूच सांगतो. आई म्हणते, सांगू दे, शिमग्याला पोरगी आली की तीच सांगेल त्याला. तिच्या सोयरिकीची बोलणी चाललीत, तिथंही एका पाहुण्यानं विचारलं म्हणे, "आयसीयूतून काढली का हो?" आईनं त्याला चहा दिला आणि विषय संपवला.

ज्यांच्या मुली, सुना, भाच्या नर्सिंगला आहेत किंवा यंदा जाणार आहेत, त्यांनी पुढच्या महिन्याच्या बैठकीला त्यांचे कागद घेऊन या. निवृत्त सिस्टर येणार आहेत. त्यांना दुपारच्या एसटीनं परत जायचंय, तेव्हा अकराला म्हणजे अकरालाच या, आपल्या नेहमीच्या अकराला नको. मुलीला सुट्टी नसेल तर तिचा फोन चालू ठेवायला सांगा, स्पीकरवर बोलू. आणि एक दुरेघी वही आणा.

नमस्कार.